भीमाशंकरची घंटा

बोरिवलीत वाढलेल्या माणसाला इतिहास नेहमी दुसरीकडे कुठेतरी घडलेला वाटतो. रायगडावर, शनिवारवाड्यात, पानिपतावर. आपल्याकडे काय, तर एस. व्ही. रोड, नॅशनल पार्क आणि सकाळची चर्चगेट फास्ट. निदान माझी तरी समजूत अशीच होती. ती मोडली बोरिवलीपासून बरीच लांब, सह्याद्रीच्या माथ्यावर, भीमाशंकरच्या देवळासमोर. आणि तीही देवामुळे नाही, एका घंटेमुळे.

झालं असं. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये एक रिलीज कसाबसा पार पडला आणि आम्ही ऑफिसातल्या दोघांनी भीमाशंकरला जायचं ठरवलं. एक मी. दुसरा माझ्या शेजारच्या डेस्कवरचा मित्र. राहणारा वसईचा, धर्माने कॅथलिक. त्याचं नाव इथे लिहिलं तर तो माझ्याशी भांडेल, म्हणून त्याला वसईकर म्हणू. घरी कादोडी बोलतो (वसई तालुक्यातली सामवेदी बोली, ऐकायला फार गोड आहे) आणि ऑफिसात माझ्यापेक्षा बरं मराठी. "ज्योतिर्लिंगाला चाललोय, तुला चालेल ना?" असं मी उगाचच जरा संकोचून विचारलं. तर म्हणाला, "चालेल काय! आमची एक घंटा आहे तिथे. कशी ठेवलीय ते बघून येऊ."

मला वाटलं गंमत करतोय.

मुंबईकराला भीमाशंकरला जायचे दोन रस्ते आहेत. एक शहाण्या माणसांचा. गाडीने किंवा एसटीने पुण्याच्या बाजूने मंचर, घोडेगाव करत थेट वर जायचं आणि गाडीतून उतरून देवळाकडे चालू पडायचं. दुसरा आमच्यासारख्यांचा. पहाटेची कर्जत लोकल पकडायची, नेरळला किंवा कर्जतला उतरून टमटमने कशेळेमार्गे खांडस गाठायचं आणि तिथून कोकणाच्या बाजूने अख्खा सह्याद्री पायांनी चढायचा. खांडसच्या पुढे वाट फुटते. एक शिडी घाट. नावाप्रमाणे त्यात कड्याला लावलेल्या लोखंडी शिड्या आहेत. दुसरा गणेश घाट, लांबचा पण सभ्य. आम्ही दोघंही फक्त कीबोर्डवर शूर. गणेश घाट घेतला.

या वाटा काही ट्रेकर लोकांनी शोधलेल्या नाहीत. कल्याण, सोपारा, वसई या बंदरांतला माल देशावर जायचा आणि देशावरचं धान्य खाली यायचं ते अशाच घाटांनी. दोन तास चढल्यावर पदरवाडीच्या पठारावर आलं की समोर पदरगडाचे सुळके आणि त्यामागे भीमाशंकरची उभी भिंत दिसते. तिथे एका झोपडीत चहा घेतला आणि मी पाठीवरची आठ किलोची सॅक खाली टाकून म्हणालो, "हे आठ किलो जड झाले राव."

वसईकर म्हणाला, "घंटा किती किलोची असेल?"

तेव्हा पहिल्यांदा मला ती घंटा खरी वाटली. कारण ती जिथून निघाली ती जागा समुद्रसपाटीला होती आणि जिथे पोचली ती सुमारे तीन हजार फुटांवर. मधे हा सह्याद्री. तेव्हा ना पुण्याकडून डांबरी रस्ता, ना क्रेन. कोणीतरी ती बैलगाडीत घातली असणार, कोणीतरी दोर ओढले असणार, खांदे दिले असणार. घंटा वाहून आणणाऱ्या सरदाराचं नाव आज गूगलवर एका सेकंदात मिळतं. खांदे देणाऱ्यांचं कुठेच कोरलेलं नाही.

पठारानंतरची चढण जंगलातून आहे. हे भीमाशंकर अभयारण्य, १९८५ साली जाहीर झालेलं. शेकरू म्हणजे आपला राज्यप्राणी, तो इथला मुख्य रहिवासी. आम्हाला एक दिसला, पाच सेकंद. वर पोचल्यावर मात्र एक विनोद आपली वाट बघत असतो. एवढं चढून आल्यावर देवळाकडे जायला पायऱ्या उतराव्या लागतात! दोनशेच्या वर. देऊळ माथ्यावर नाही, माथ्याजवळच्या एका खळग्यात, झाडीत बसलंय. भीमा नदीचा उगम इथलाच. हीच नदी पुढे पंढरपुरात चंद्रभागा होते आणि कर्नाटकात कृष्णेला मिळते. आता ज्योतिर्लिंग म्हटलं की हक्काचे वाद आलेच. २०२३ च्याच फेब्रुवारीत आसाम सरकारच्या एका जाहिरातीने भीमाशंकर आमच्याकडे आहे म्हटलं आणि महाराष्ट्रात चार दिवस नुसता गोंधळ उडाला. असो.

देऊळ काळ्या दगडाचं, नागर शैलीतलं. मूळ जागा बरीच जुनी. पण आज जे शिखर आपण बघतो ते अठराव्या शतकातलं, नाना फडणवीसांच्या वेळचं. मी दर्शनाच्या रांगेत उभा राहिलो, वसईकर म्हणाला, "तू जाऊन ये, मी बाहेर थांबतो." दीड तासाने बाहेर आलो तर तो दोन दगडी खांबांच्या मधे टांगलेल्या एका मोठ्या घंटेकडे मान वर करून बघत बसला होता. शेजारी शनीचं छोटं देऊळ, लोकांची ये-जा, कोणीतरी तेल वाहतंय, कोणाचं तरी पोर रडतंय. घंटेवर क्रूस होता. आणि इंग्रजी आकड्यांत साल, १७२९. त्या खांबाला कोणीतरी झेंडूचा हार अडकवला होता, त्याचं टोक वाऱ्याने क्रूसापर्यंत येत होतं.

आता जरा मागे जाऊ.

१५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यातच साष्टी आली. साष्टी म्हणजे सहासष्ट गावं, म्हणजे आजचं ठाणे आणि मुंबईची बहुतेक उपनगरं. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर सगळं त्यात. आपण ज्याला 'ब्रिटिशकालीन मुंबई' म्हणतो ती खालची सात बेटं. ती १६६१ च्या लग्नाच्या तहात पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर इंग्लंडच्या राजाला मिळाली. साष्टी त्या आंदणात नव्हती. माहीमच्या खाडीअलीकडे इंग्रज, पलीकडे पोर्तुगीज, अशी पुढची पाऊणशे वर्षं गेली. म्हणजे बांद्र्याहून माहीमला जाणं हा तेव्हा परदेश प्रवास होता. आज सिग्नलला लागणारा वेळ बघता फार फरक पडलेला नाही.

पोर्तुगीज अमलात धर्मांतरं झाली, देवळं पाडली गेली, हिंदूंच्या उघड पूजाअर्चेवर बंधनं आली. याचा सगळ्यात जवळचा पुरावा माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर आहे, पण तिकडे शेवटी जाऊ.

मराठ्यांनी साष्टीला हात घातला तो १७३७ च्या मार्चमध्ये. ठाण्याचा किल्ला पडला आणि त्याबरोबर बेटाचा बराचसा भाग हातात आला. मोहिमेचा प्रमुख चिमाजी अप्पा, थोरल्या बाजीरावाचा धाकटा भाऊ. सिनेमावाल्यांनी बाजीरावाला घोडा आणि मस्तानी दोन्ही दिली. चिमाजीच्या वाट्याला चिखल, खाडी आणि तटबंदी आली. उत्तर हिंदुस्थानातल्या मोकळ्या मैदानात मराठे वाऱ्यासारखे जायचे, पण इथे भरती-ओहोटी बघून हल्ला करायचा होता आणि समोर युरोपातल्या तंत्राने बांधलेले बुरुज होते. १७३९ च्या जानेवारीत तारापूर घेतलं, त्यात बाजी भीवराव रेठरेकर पडले. मग फेब्रुवारीपासून खुद्द वसईला वेढा. तीन बाजूंनी पाणी आणि दलदल, एकाच बाजूने जमीन. त्या जमिनीकडच्या तटाखाली मराठ्यांनी सुरुंग खणले. मे महिन्यात ते उडवले तेव्हा काही उडाले, काही उशिरा उडाले आणि आपलीच माणसं त्यात गेली. खिंडारात घुसायचं, वरून हातबाँब आणि गोळ्या खायच्या, मागे यायचं, परत घुसायचं. मराठ्यांची माणसं हजारोंनी पडली.

चिमाजी वैतागून म्हणाला की किल्ला हाती येत नसेल तर निदान माझं मुंडकं तोफेच्या तोंडी देऊन आत फेका, अशी एक गोष्ट सांगतात. शाळेत ही गोष्ट ऐकताना अंगावर काटा यायचा. आता प्रोजेक्टवर काम केल्यावर त्यातला वैतागही कळतो.

१६ मे १७३९ ला वसईने शरणागती पत्करली. तहाच्या अटी मात्र चक्क सभ्य होत्या. फौजेला शस्त्रांसह जाऊ दिलं, बायकामुलांना आणि रहिवाशांना सामानसुमानासह जायला आठवड्याची मुदत दिली, जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांना त्यांचा धर्म पाळू द्यायचं कबूल केलं. २३ मेला किल्ल्यावर मराठ्यांचं निशाण लागलं. दोनशे पाच वर्षांनी.

मग नवस फेडणं सुरू झालं. वज्रेश्वरीला नवस बोलला होता, तिथे देऊळ बांधलं. ते अजूनही बाहेरून एखाद्या किल्ल्यासारखं दिसतं, बघा कधी गणेशपुरीला गेलात तर. अष्टविनायकातल्या ओझरच्या देवळाच्या जीर्णोद्धाराशी आणि सोन्याच्या कळसाशी याच विजयाचं नाव जोडलं जातं. आणि चर्चच्या मनोऱ्यांवरून उतरवलेल्या घंटा देशावर गेल्या.

इंटरनेटवर सगळीकडे 'चिमाजीने पाच घंटा आणल्या' असं लिहिलेलं आहे. एकाने लिहिलं, बाकीच्यांनी कॉपी-पेस्ट केलं. मला तो आकडा जरा जास्तच व्यवस्थित वाटतो. त्यापेक्षा ज्यांच्यावर साल आहे अशा घंटा बघाव्यात. वाईजवळच्या मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर एक आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मारिया आहे आणि साल १७०७. ('स्वदेस'चं शूटिंग याच गावात झालं. नदीचे सीन आठवले तर घाट आठवेल.) नाशिकला पंचवटीत नारोशंकराच्या देवळाच्या तटावर दुसरी आहे, १७२१ ची. गोदावरीचा पूर मोजायची ती नाशिककरांची खूण. मोठ्या आवाजाच्या माणसाला लोक अजून 'नारोशंकराची घंटा' म्हणतात. आणि तिसरी ही आमच्या समोरची, १७२९ ची. सालं तपासून बघायची सवय डीबगिंगमुळे लागलीय: तिन्ही १७३९ च्या आधीची. हिशोब जुळतो.

पण त्या १७२९ ने मला आणखी एक गोष्ट दाखवली. ही घंटा ओतली गेली आणि जेमतेम दहा वर्षांत खाली उतरली. म्हणजे चर्चमध्ये दहाच वर्षं वाजली. आणि देवळाशी? जवळजवळ पावणेतीनशेच्या वर. मी हे वसईकराला मोठ्या उत्साहाने सांगितलं. वर म्हणालो, "म्हणजे देवकी आणि यशोदेसारखंच झालं की हे. जन्म एकीकडे, वाढली दुसरीकडे."

"देवकीकडून बाळ लुटून नेलं नव्हतं," वसईकर म्हणाला.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मी जे सगळे करतात तेच केलं. "आधी तुम्ही आमची देवळं पाडलीत," म्हणालो. तो शांतपणे म्हणाला, "मी? १५५० साली माझे पूर्वज केळीच्या बागेत पाणी घालत होते. देऊळ पडलं तेव्हा ते त्यांचंच होतं. आणि चर्चची घंटा उतरवली तेव्हा तीही त्यांचीच होती. दोन्ही वेळा कोणी त्यांना विचारलं नाही."

पायऱ्यांवर बसून आम्ही दोघांनी एक-एक लिंबू सरबत घेतलं. भांडण तिथे संपलं नाही, फक्त थांबलं. मग त्याने मला घंटेबद्दल जे सांगितलं ते मला आधी अजिबात माहीत नव्हतं. नवी घंटा मनोऱ्यात चढवायच्या आधी बिशप तिला पवित्र पाण्याने धुतो, तेल लावतो आणि तिला एखाद्या संताचं नाव ठेवतात. लोक त्याला सरळ घंटेचा बाप्तिस्माच म्हणतात. गावातली घंटा म्हणजे घड्याळ, भोंगा आणि व्हॉट्सअॅप ग्रुप सगळं एकच. सकाळ, दुपार, संध्याकाळ प्रार्थनेची वेळ ती सांगते. लग्न सांगते. कोणी गेलं तर वेगळ्या लयीत सांगते आणि शेतातला माणूस काम थांबवून डोक्यावरची टोपी काढतो. "तेव्हा," तो म्हणाला, "ज्या गावातून ही नेली, तिथे त्या संध्याकाळी काय झालं असेल? लढाई हरलो हे लोकांना कशावरून कळलं असेल? घंटा वाजली नाही यावरून."

वसईचा विजय मी चिमाजीच्या बाजूने शंभर वेळा वाचलाय. त्या न वाजलेल्या घंटेच्या बाजूने एकदाही नाही.

यातला एक तांत्रिक भाग मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडा वेळ त्यावर थांबतो. चर्चच्या घंटा कांशाच्या असतात, म्हणजे तांबं आणि कथील. घंटेच्या कांशात कथील साधारण २० ते २२ टक्के. त्यामुळे धातू कडक आणि ठिसूळ होतो, पण नाद लांबपर्यंत टिकतो. तोफेच्या कांशात कथील दहा टक्क्यांच्या आसपास, कारण तोफ वाजली नाही तरी चालेल पण फुटता कामा नये. म्हणजे घंटा आणि तोफ एकाच कुटुंबातल्या. थोडं तांबं वाढवलं की एकीची दुसरी होते. युरोपात युद्ध आलं की राजे चर्चच्या घंटा उतरवून तोफा ओतायचे, त्यात नवल काहीच नव्हतं. आणि मराठ्यांकडे त्या काळात चांगल्या तोफांची कायमच चणचण. वसईच्या तटापुढे ती त्यांना चांगलीच जाणवली होती. अशा वेळी एवढं तयार कांसं हातात पडल्यावर या घंटा भट्टीत गेल्या नाहीत. मेणवलीची नाही, नाशिकची नाही, भीमाशंकरची नाही. जशाच्या तशा, एवढ्या लांब नेऊन टांगल्या.

आणि क्रूस घासून काढला नाही.

इथे आपल्याकडे लगेच 'बघा मराठे किती सहिष्णू' असं म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. मला वाटतं क्रूस ठेवला तो मुद्दाम. क्रूस पुसला असता तर ती नुसती एक मोठी घंटा राहिली असती. क्रूस होता म्हणून तर ती वसईची होती! जिंकलेल्या ट्रॉफीवरचं नाव कोणी खोडत नाही. क्रूस राहिला तो आदरामुळे नाही, विजय दिसावा म्हणून. सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्या कंपनीचा कोड विकत घेतल्यावर वरची लेखकाच्या नावाची कॉमेंट आपण ठेवतो ती काही प्रेमाने नाही.

पण पुढे काय झालं ते बघा. ज्यांना तो विजय दाखवायचा होता ते चिमाजी आणि बाजीराव दोघंही १७४० साली गेले. बाजीराव एप्रिलमध्ये, चिमाजी डिसेंबरमध्ये. साष्टी १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडेच राहिली. पेशवाई १८१८ मध्ये संपली. पोर्तुगीज तर गोव्यातूनही १९६१ साली गेले. ज्याचं स्मारक म्हणून घंटा टांगली ते राज्य गेलं, ज्यांच्यावर टांगली ते राज्यही गेलं. घंटा तिथेच. आता तिच्याखालून रोज शेकडो माणसं शनीला तेल घालायला जातात आणि त्यांतल्या बहुतेकांना त्यावर क्रूस आहे हे दिसतही नाही. मी स्वतः आठवीत असताना घरच्यांबरोबर भीमाशंकरला गेलो होतो. घंटेचा फोटोही आहे घरी, आम्ही सगळे तिच्यापुढे ओळीने उभे आहोत. ट्रेकहून आल्यावर तो काढून बघितला. बाबांच्या डोक्याच्या वर स्पष्ट क्रूस आहे.

एवढं लिहिल्यावर दुसरी बाजूही लिहायला हवी, नाहीतर वसईकर म्हणेल अर्धंच लिहिलंस. मराठ्यांनी घंटाच नेल्या असं नाही. साष्टीच्या लढाईत चर्चची बरीच पडझड झाली. आपली बांद्र्याची मोत माऊली, म्हणजे माउंट मेरी, तिचं टेकडीवरचं चॅपल १७३८ मध्ये मराठ्यांच्या हल्ल्यात जळालं. मूर्ती पुढे कोळ्यांना समुद्रात सापडली अशी कथा आहे. ती काही वर्षं खाली सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये होती आणि १७६१ मध्ये चॅपल परत बांधून तिथे बसवली. आजचं चर्च १९०४ चं. सप्टेंबरच्या जत्रेला तिथे मेणबत्त्या लावायला निम्मी गर्दी हिंदूंची असते. माझी आजी दर वर्षी जायची, गुडघे दुखायला लागल्यावर मेणाचे पाय वाहून आली. तिला १७३८ माहीत नव्हतं. माहीत असतं तरी ती गेलीच असती असं मला वाटतं, पण विचारायचं राहून गेलं.

आणि साष्टीतले ख्रिस्ती लोक? चिमाजीच्या तहानंतर पाद्री बरेचसे गेले, पोर्तुगीज घराणी गेली, पण गावकरी इथेच राहिले. पोर्तुगालशी त्यांचा संबंध आडनावांपुरता. बोली मराठी, शेती भाताची, दागिने आगरी-कोळ्यांसारखे. पुढे १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा त्यांच्यातल्या शिकलेल्यांनी स्वतःला 'ईस्ट इंडियन' असं नाव घेतलं. गोव्याहून नोकरीला येणाऱ्या ख्रिश्चनांपेक्षा आपण वेगळे, इथले मूळचे, हे कंपनी सरकारात काम केलेल्या लोकांनी साहेबाला कळेल अशा भाषेत सांगितलं. अंधेरीत, बोरिवलीत, गोराईत गावठाणाच्या तोंडाशी जे पांढरे क्रूस दिसतात ते त्यांचे. मी रोज अशा एका क्रूसाला वळसा घालून रिक्षा पकडतो.

त्या दिवशी आम्ही घाटाने परत उतरलो नाही. पायांनी राजीनामा दिला होता. एसटीने पुणे आणि पुण्याहून मुंबई. गाडीत वसईकर झोपला. मी खिडकीतून बघत विचार करत होतो, की याला घंटा दाखवली, आता माझ्याकडची गोष्टही दाखवली पाहिजे. मघाशी म्हटलं ना, घरापासून पंधरा मिनिटांवर.

मंडपेश्वरची लेणी. बोरिवली पश्चिमेला, आय. सी. कॉलनीच्या बाजूला. बोरिवलीकरांपैकी निम्म्यांना ती माहीत नाहीत आणि उरलेल्यांना ती शाळेच्या सहलीपुरती. साधारण सहाव्या ते आठव्या शतकातलं शैव लेणं. आत नटराजाचा मोठा पट आहे. १५४० च्या दशकात फ्रान्सिस्कन पाद्री अंतोनियो द पोर्तो इथे आला आणि लेण्याचं चर्च झालं. वर टेकाडावर मठ आणि चर्च उठलं. त्याच्या छत उडालेल्या भिंती अजून उभ्या आहेत, वर चढून बघता येतात. खाली लेण्यातली काही शिल्पं भिंतीआड आणि गिलाव्याआड गेली. एका भिंतीवरचं कोरीव काम तासून त्या जागी मोठा क्रूस कोरला. १७३९ मध्ये मराठ्यांनी ते परत शंकराचं केलं. एकोणिसाव्या शतकात, इंग्रजांच्या अमलात, तिथे पुन्हा काही काळ ख्रिस्ती प्रार्थना होत होती. आता पुरातत्त्व खात्याचा निळा बोर्ड आहे आणि आत शिवलिंग.

भीमाशंकरनंतर तिसऱ्या शनिवारी वसईकर बोरिवलीला उतरला आणि आम्ही चालत गेलो. खरं सांगायचं तर लहानपणापासून त्या क्रूसाचा मला राग यायचा. घंटेवरचा क्रूस आधीच तिच्यावर होता. इथे तो कोणाचं तरी काम तासून काढून कोरलाय, हा फरक मोठा आहे, आणि मला तो लपवायचा नव्हता. वसईकर त्या भिंतीपुढे बराच वेळ उभा राहिला. जवळ जाऊन बघितलं की क्रूसाच्या कडेला जुन्या कोरीव कामाचे उंचवटे अजून कळतात. त्याने बोट फिरवून बघितलं. "पाय आहे हा कोणाचा तरी," म्हणाला. मीही बघितलं. पाय असावा. त्याने माफी वगैरे मागितली नाही, आणि मी मागायला सांगितलंही नाही. दोघांनीही तेव्हा काही केलेलं नव्हतं. पण भीमाशंकरच्या पायऱ्यांवर थांबलेलं भांडण त्यानंतर कोणी पुढे सुरू केलं नाही.

सहा वाजले. बाहेर कुठल्यातरी चर्चमधून संध्याकाळची घंटा ऐकू आली. वसईकर सवयीने थांबला, मान खाली घातली, छातीवर क्रूसाची खूण केली आणि ओठातल्या ओठात काहीतरी म्हणायला लागला. शिवलिंगाजवळ दिवा लावायला आलेले एक आजोबा हातात तेलाची बाटली घेऊन त्याच्यामागे उभे होते. त्यांनी वाट बघितली. घंटा संपली तसे म्हणाले, "झालं का रे बाळा? मग सरक जरा, उजेड अडतोय."